बैरागडचे डॉक्टर कोल्हे आणि त्यांचा संसार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपल्यावर एक व्याख्यान ठेवावे, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. यंदा ते काम चिटणीसांनी आमच्या गळ्यात घातले. आम्ही जुने मॅट्रिक. सारा जन्म सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेला. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवून कोणी बसले असल्यास त्यांची निराशा होईल, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. विषय मात्र आम्ही विचारपूर्वक निवडला आहे. आज ज्या विद्यार्थ्यांना नारळ व शाल मिळाली, त्यांपैकी पुष्कळांनी 'डॉक्टर होणार' असे याच व्यासपीठावरून सांगितले. म्हणून आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका डॉक्टराची हकीकत आपणांपुढे ठेवावी, असे मनात आले.

विषय कळताच एका सद्गृहस्थांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, "गुरुजी, हे डॉक्टर आपल्यापैकीच का?" आम्ही उत्तर दिले, "ते शेगावचे." त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, पण त्याहून अधिक चौकशी आम्ही केली नाही आणि करण्याचे कारणही दिसले नाही.

शेगाव म्हटले की आपले हात आपोआप जोडले जातात. श्रीगजानन महाराजांनी १९१० साली तेथे समाधी घेतली, आणि तेव्हापासून ते स्थान साऱ्या वऱ्हाडाचे माहेर झाले. परंतु शेगाव हे रेल्वेचेही गाव आहे, हे आपण विसरतो. वऱ्हाडात आगगाडी आली ती कापसासाठी. खामगावच्या बाजारातील कापूस मुंबईस नेता यावा म्हणून जलंब ते खामगाव हा फाटा १८७० साली खास टाकण्यात आला. पुढे याच लोहमार्गाने शिक्षण आले, पोस्ट आले आणि डॉक्टरही आले. नागपुरास १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले; तेथून एल. एम. पी. होऊन बाहेर पडलेले डॉक्टर वऱ्हाडातील पेठांच्या गावी दवाखाने घालून बसले. लाल मिश्रणाची बाटली, तिच्यावर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी, आणि बाटली घरून न आणल्यास कंपाउंडरचे बोलणे, हे आमच्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. ते डॉक्टर मोठे सत्शील होते. तथापि रेल्वेची शिट्टी जेथवर ऐकू येई, साधारणतः तेथवरच त्यांचा दवाखाना पोहोचे. त्यापलीकडे, उत्तरेस जी निळी रेघ दिसते त्या सातपुड्यात, डॉक्टर नव्हता.

अशा या शेगावी २५ सप्टेंबर १९६० रोजी रवींद्र कोल्हे यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत नोकरीस. नोकरदाराच्या घरी मूल हुशार निघाले की आईबापांच्या आशा कोठे जातात, हे येथे बसलेल्या आईबापांना आम्ही काय सांगावे! रवींद्र नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि १९८५ साली एम. बी. बी. एस. झाले. कुटुंबातील हा पहिलाच डॉक्टर. आता एखाद्या शहरात पाटी लागणार, माडीचे घर होणार, अशी घरच्यांची अपेक्षा असल्यास तीत गैर काही नव्हते.

परंतु विद्यार्थिदशेतच महात्मा गांधी व विनोबा यांच्या विचारांनी त्यांच्या मनाची पकड घेतली होती. त्यातच डेव्हिड वर्नर या अमेरिकन लेखकाचे, 'जेथे डॉक्टर नाही' अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. हे वर्नर मूळचे शिक्षक. मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांतून राहून, तेथील अशिक्षित लोकांना आपले आपण औषधपाणी करता यावे म्हणून त्यांनी हा ग्रंथ प्रथम स्पॅनिश भाषेत व नंतर १९७७ साली इंग्रजीत सिद्ध केला. (एका शिक्षकाच्या पुस्तकाने एका डॉक्टरास वाट दाखविली, याचा आम्हांस शिक्षक या नात्याने थोडा अभिमान वाटल्यास आपण क्षमा कराल.) त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर रोग्यास खांद्यावरून वाहून नेणाऱ्या माणसांचे चित्र होते, आणि इस्पितळ कित्येक मैल दूर असल्याचे त्यात दाखविले होते. असे ठिकाण शोधण्यास रवींद्रांना मेक्सिकोस जावे लागले नाही. ते शेगावच्या उत्तरेसच होते.

अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बैरागड हे गाव आहे. त्या काळी अमरावतीहून हरिसालपर्यंत वाहन मिळे. तेथून पुढे सुमारे ४० किलोमीटर पायी जावे लागे. वस्ती मुख्यत्वे कोरकू लोकांची. या लोकांची भाषा मराठीशी वा हिंदीशी नाते सांगत नाही. तिचे सगेसोयरे छोटानागपुराकडील मुंडारी भाषा आहेत. जमीन खडकाळ, शेती पावसाच्या हवाली, आणि १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून जंगलावरही निर्बंध आलेले. आजारी पडले की भूमकाकडे जावे. मुलाचे पोट फुगले की तापलेल्या लोखंडाने पोटावर डाग द्यावे, ज्यास तिकडे 'डंबा' म्हणतात. आमच्या शाळेत डोंगरावरून आलेली काही मुले असत. सदरा वर झाला की त्यांच्या पोटावर त्या डागांच्या ओळी दिसत. दिवाळीनंतर हीच मुले आईबापांबरोबर कामाच्या शोधात निघून जात, आणि हजेरीपटात त्यांच्या नावापुढे आम्ही 'गैरहजर' असे लिहीत बसू.

तरुण डॉक्टर तेथे जाण्यास निघाला तेव्हा डॉ. जाजू या त्यांच्या शिक्षकाने त्यांस थोपविले. ते म्हणाले ते थोडक्यात असे: तेथे राहावयाचे असेल तर तीन गोष्टी आल्या पाहिजेत. सोनोग्राफी नसता आणि रक्त देण्याची सोय नसता बाळंतपण करता आले पाहिजे. क्ष-किरणाचे यंत्र नसता न्यूमोनिया ओळखून बरा करता आला पाहिजे. आणि शिरेतून सलाईन देता येत नसता हगवणीचा रोगी वाचविता आला पाहिजे. रवींद्रांनी हे सांगणे मनावर घेतले. मुंबईस सहा महिने राहून त्यांनी या तीन गोष्टींचा अभ्यास केला आणि मग ते बैरागडास गेले.

या तीन गोष्टींपाशी आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण त्यांतील दोन तर आपल्या घरातील प्रत्येक मातेस ठाऊक हव्यात. न्यूमोनिया झालेले मूल भरभर श्वास घेते. तेव्हा यंत्र नसले तरी घड्याळ पुरते. मूल शांत असता पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीची वरखाली मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळास मिनिटास ६० किंवा अधिक, एक वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलास ४० किंवा अधिक श्वास लागत असतील, तर ते मूल विनाविलंब डॉक्टरकडे नेले पाहिजे. हगवणीचे तसेच. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, एवढ्यावर प्राण वाचतो. १९७१ साली बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली व सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तऱ्हेचे पाणी पाजून हजारो रोगी वाचविले, आणि तेव्हापासून साऱ्या जगाने ही रीत मान्य केली. बाळंतपणाचे शास्त्र मात्र चमच्याने मोजण्याजोगे नाही. तेथे पायांची सूज, पापणीचा फिकटपणा, अंगाची ठेवण पाहून कोणती स्त्री अडणार हे महिनामहिना आधी ओळखावे लागते, आणि ते ज्यास साधले तोच खेड्यातील डॉक्टर.

बैरागडात काही काळ काढल्यावर रवींद्रांकडे एक मनुष्य आला. स्फोटात त्याचा हात गेलेला, आणि त्यास कित्येक दिवस लोटलेले. डॉक्टरांना त्याच्यासाठी करता येण्याजोगे फारसे काही नव्हते. आपण शिकलो ते पुरे नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. ते परत फिरले आणि १९८७ साली त्यांनी एम. डी. ही पदवी संपादन केली. ध्यानात घ्या, ती शस्त्रक्रियेची नव्हे, हृदयरोगाची नव्हे, जिला आज मोठा भाव आहे अशा कोणत्याच शाखेची नव्हे. रोगप्रतिबंध व सामाजिक आरोग्य या शाखेची. ज्या शाखेची पाटी लावून शहरात एकही रोगी येत नाही, ती त्यांनी निवडली.

आता लग्नाचा विषय. आपल्या स्मरणिकेच्या अखेरीस वधूवरांची यादी छापलेली असते, आणि अनेकजण ही स्मरणिका मागूनच उघडतात, हे आम्हांस माहीत आहे. त्या यादीत 'वधूकडून अपेक्षा' असे एक घर असते. एम. डी. झालेल्या या वराने आपल्या अपेक्षा मांडल्या त्या अशा. वधूस चाळीस किलोमीटर चालता आले पाहिजे. लग्न नोंदणी पद्धतीने, पाच रुपयांत होईल. महिन्यास चारशे रुपयांत संसार करावा लागेल. आणि वेळ पडल्यास भीक मागण्याची तयारी हवी. स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यांसाठी. यांतला चारशेचा आकडा हवेतला नव्हता. रोग्याकडून पहिल्या वेळी दोन रुपये व पुढे एक रुपया घ्यावयाचा, असा त्यांचा बेत होता. त्या हिशेबाने महिन्याकाठी तेवढेच हाती येणार. अनेक मुलींनी नकार दिला, आणि आम्ही त्यांस नावे ठेवणार नाही. आपल्यापैकी कोणत्या बापाने आपली कन्या अशा स्थळी दिली असती? आम्हीही आमची दिली नसती, हे येथे मोकळेपणाने सांगतो.

हे स्थळ पसंत केले नागपूरच्या डॉ. स्मिता यांनी. त्यांचा स्वतःचा दवाखाना नागपुरात उत्तम चालत होता. तो बंद करून त्या बैरागडास आल्या, आणि १९८९ पासून या दांपत्याचे काम तेथे अखंड चालू झाले. व्याख्यानात आम्ही डॉक्टरांचे नाव प्रथम घेतले, कारण ते आपल्या जिल्ह्याचे. परंतु आमच्या मते या हकीकतीत बाईंचा वाटा तसूभरही कमी नाही. किंबहुना प्रारंभी त्यांनाच अधिक सोसावे लागले. डॉक्टरांना गाव ओळखत होते. बाई मात्र आल्या आणि तेथील स्त्रियांच्या बाजूने बोलू लागल्या. ते गावाच्या पचनी पडेना.

पुढे त्यांना दिवस गेले. बाळंतपणास माहेरी नागपूरला जावे, हीच आपली रूढी. परंतु गावातील इतर स्त्रियांचे बाळंतपण जेथे व जसे होते, तसेच आपल्या घरचे व्हावे, असे डॉक्टरांनी ठरविले व ते स्वतःच केले. मूल जन्मले, आणि त्यास मेंदूज्वर, न्यूमोनिया व रक्तातील जंतुसंसर्ग अशा तिन्ही व्याधींनी घेरले. मुलास अकोल्यास न्यावे, असे लोक सांगू लागले. डॉक्टरांनी निर्णय पत्नीवर सोपविला. त्या मातेने सांगितले की गावच्या मुलांवर जे उपचार येथे होतात, तेच माझ्या मुलावर येथे होतील. सुदैवाने मूल वाचले. त्या दिवसापासून ही बाई आपली, असे गावाने मानले.

ही हकीकत सांगताना पुष्कळ लोक टाळ्या घेतात. आम्ही मात्र ती घरी वाचली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातले काम ठेवून विचारले, "आणि मूल गेले असते तर?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. तान्ह्या मुलाचा जीव पणास लावण्याचा अधिकार आईबापांस असतो काय? असे कोणी विचारल्यास आम्ही त्यास गप्प बसविणार नाही. पण त्याच वेळी आणखी एक प्रश्न येतो. अकोल्यास जाण्याची वाट ज्यांना मोकळी नव्हती, अशी मुले त्या डोंगरात दर पावसाळ्यात जात होती, आणि त्यांच्या आईबापांना हा अधिकाराचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दोन्ही प्रश्न आम्ही मनात शेजारी शेजारी ठेवतो. एकाने दुसरा पुसला जात नाही.

पुढील कामाची हकीकत पाहता त्यांची विचार करण्याची रीत फार शिकण्याजोगी आहे. त्या भागात हजार जन्मांमागे दोनशेच्या वर बालके वर्षाच्या आत मरत. का मरतात? न्यूमोनियाने व कुपोषणाने. न्यूमोनिया का? थंडीपावसात अंगावर ऊब नाही. ऊब का नाही? हाती पैसा नाही. पैसा का नाही? कारण वर्षातून काही महिनेच काम मिळते आणि शेतीत पिकते ते पोटासही पुरत नाही. असे एकामागून एक 'का' विचारीत गेल्यावर औषधाची पिशवी घेऊन निघालेला डॉक्टर शेताच्या बांधावर येऊन पोहोचला! लोकांनीही त्यांस तेथेच ओढले. कोरकूंच्या दृष्टीने डॉक्टर तो डॉक्टर. माणूस बरा करतो तर बैल का नाही, आणि पिकावर पडलेला रोग का नाही? रवींद्रांनी एका पशुवैद्य मित्राकडून जनावरांची शरीररचना शिकून घेतली आणि अकोल्याच्या पंजाबराव कृषि विद्यापीठातून शेतीचे ज्ञान मिळविले. नवे बियाणे कोणी पेरीना, तेव्हा दोघांनी स्वतःच जमीन कसून दाखविली. थोरल्या चिरंजीवानेही पुढे शेतीच पत्करली. डॉक्टराचा मुलगा शेतकरी झाला, याची आपल्याकडे हळहळ व्यक्त झाली असती. त्या घरी तो आनंदाचा विषय ठरला.

स्वस्त धान्याचे दुकानही या दांपत्याने चालविले, जेणेकरून पावसाळ्यात रस्ते तुटले तरी गावात धान्य असावे. आम्ही नोकरीत असता पाहिले आहे की कागदावर पोहोचलेले धान्य आणि चुलीवर पोहोचलेले धान्य यांत फार अंतर असते. हे काम त्यांच्या औषधांपेक्षा कमी मोलाचे नाही, असे आमचे मत आहे.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राज्याचे त्या वेळचे सार्वजनिक बांधकाम मंत्री त्यांच्या घरी आले. बाईंची त्यांची जुनी ओळख. घर पाहून मंत्रिमहोदय म्हणाले की तुम्हांस चांगले घर बांधून देतो. बाईंनी उत्तर दिले की घर नको, रस्ते द्या. आणि रस्ते झाले! आज ज्यांना बैरागडास जावयाचे आहे त्यांस चाळीस किलोमीटर चालावे लागत नाही.

बालमृत्यूचे ते हजारी दोनशेचे प्रमाण कालांतराने साठाच्या खाली आले. हे सारे श्रेय एका दांपत्याचे, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी आरोग्य केंद्रे वाढली, रस्ते आले, मेळघाटात अन्य डॉक्टर व संस्थाही झटल्या. विदर्भास ही परंपरा आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीस कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले, डॉ. प्रकाश आमटे १९७३ साली हेमलकशास गेले, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम करीत कालांतराने खेड्यातील स्त्रियांनाच नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविली, आणि तो प्रयोग पुढे देशाने स्वीकारला. तरीही मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या अद्याप थांबलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २०१९ साली भारत सरकारने डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या उभयतांना पद्मश्री दिली. शेगावास त्या दिवशी आनंद झाला. पण तीस वर्षे आपण शेगावच्या इतक्या जवळ राहून या माणसाचे नाव किती जणांनी ऐकले होते?

आता मंडळापुरते थोडे बोलतो. २०२४ साली बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या मुलांना नागपूर-मुंबईची वाट धरण्याची गरज यापुढे कमी पडेल, ही मोठी भाग्याची गोष्ट आहे. आपल्या विद्यार्थी-निधीतून वैद्यकीय शिक्षणास जे साहाय्य मिळते, ते बिनव्याजी परत करावयाचे असते. गेल्या बैठकीत आम्ही सुचविले होते की जो विद्यार्थी पदवीनंतर, सरकारी बंधपत्राव्यतिरिक्त, आणखी एक वर्ष जळगाव जामोद वा संग्रामपूरकडील सातपुड्याच्या गावांत, अथवा तशाच एखाद्या दूरच्या ठिकाणी राहून रुग्णसेवा करील, त्याची परतफेड माफ व्हावी. त्यावर एका सभासदांनी हरकत घेतली की अशाने निधी आटेल. हरकत रास्त आहे. म्हणून आम्ही सुधारणा सुचवितो की आरंभी वर्षाला एकाच विद्यार्थ्यास ही सवलत असावी, आणि तो पैसा निधीतून न घेता या संमेलनाच्या भोजनखर्चातून काढावा. एक पक्वान्न कमी झाले तरी चालेल. गुलाबजाम ठेवावे की जिलेबी, हे भगिनीमंडळाने ठरवावे.

सूचनेचा कागद आम्ही चिटणीसांकडे दिला आहे. दुपारच्या सभेत तो वाचला जाईल. त्या वेळी आईबापांनी, आणि विशेषतः ज्यांनी आज 'डॉक्टर होणार' असे सांगितले त्या मुलामुलींनी, सभेस थांबावे, अशी विनंती करून आपली रजा घेतो.